कुणाचाच पहिला नसलेला पहिला

संपादकांचा फोन डिसेंबरातच आला. गेल्या दिवाळीच्या अंकांचे गठ्ठे अजून घरात तसेच पडलेले आणि हे पुढच्या दिवाळीचं सांगत होते. "विषय आहे ‘पहिला नंबर’. शाळेतला नको, निवडणुकीतला तर मुळीच नको. माणसं फुकटात, कुणी सांगितलेलं नसताना कशाकशाला नंबर देतात ते बघा."

फोन ठेवला आणि पुण्याच्या एरंडवण्यातल्या एका घराची आठवण झाली. तिथे दर जानेवारीत, दुसऱ्या रविवारी, अकरा माणसं जमतात आणि सरलेल्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवतात. बक्षीस नाही, प्रायोजक नाही, निकालाची कुणी वाट पाहत नाही. तरीही मागे एका वर्षी दोघांनी एकमेकांशी चार महिने अबोला धरला होता म्हणे. यापेक्षा चांगलं ठिकाण कुठे मिळणार?

तिसरी शिट्टी

१२ जानेवारी २०२५. भोगीचा आदला दिवस. स्वयंपाकघरात मुगाच्या खिचडीचा कुकर चढलेला आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं. यजमानीणबाई संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा. बँकेतून निवृत्त झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे काका खुर्चीवर, कारण गुडघे. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आलेले औषधांचे दुकानदार. एक ध्वनिमुद्रक. बाणेरला संगणक कंपनीत असलेली एक मुलगी, जिच्या कानातली यंत्रं फक्त जेवताना निघतात. पिंपरीचा, रॅप लिहिणारा एक कॉलेजकुमार. उरलेल्या पाचांत दोन बहिणी आहेत. त्या एकाच घरात राहतात, पण एकमेकींना याद्या दाखवत नाहीत.

स्पर्धा सुरू होण्याआधी ‘मेकिंग म्युझिक’ लावलं. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांचा १९८७ चा अल्बम. झाकीरभाई जाऊन महिनाही झाला नव्हता. कुणी काही बोललं नाही. मग मॅडमनी कागद वाटले.

पद्धत अशी. वर्षभर एका सामायिक तक्त्यात प्रत्येकाने ऐकलेलं नोंदवायचं. शुक्रवारची संध्याकाळ राखून ठेवायची, कारण जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. जो अल्बम यादीत घालायचा तो किमान तीनदा ऐकलेला हवा, त्यातलं एक ऐकणं सलग, मध्ये फोन न घेता. हे तपासणार कोण, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "ब्रिजमध्ये पानं कोण तपासतं?" जानेवारीत प्रत्येकाने आपल्या पहिल्या क्रमांकाची वकिली करायची. मुदत कुकरच्या एका शिट्टीपासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत. खिचडी झाली की पाण्याचाच कुकर चढतो. गॅस मंद ठेवून आपल्या वकिलाला जास्त वेळ देण्याचा प्रकार एकदा उघडकीला आला होता. तेव्हापासून स्वयंपाकघरात दोन्ही पक्षांचा एकेक माणूस असतो.

डिसेंबरातच का उरकत नाही, यालाही कारण आहे. इंग्रजी मासिकांच्या वार्षिक याद्या नोव्हेंबर संपता संपताच बाहेर पडायला लागतात. मग उशिरा येणाऱ्यांवर अन्याय होतो. डिअँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ १५ डिसेंबर २०१४ ला आला आणि कित्येकांच्या याद्या छापून झाल्या होत्या. बियॉन्सेने तिच्याच नावाचा अल्बम १३ डिसेंबर २०१३ ला कसलीही वर्दी न देता सोडला होता. "वर्ष एकतीस तारखेला संपतं, अठ्ठावीस नोव्हेंबरला नाही," हे बँकवाल्या काकांचं म्हणणं. त्यांच्या खात्यात हिशेब मार्चअखेर पुरा झाल्याशिवाय कुणी घरी गेलेलं नाही.

काकांच्या वह्या

काकांना हा नाद आत्ताचा नाही. त्यांच्या पिशवीत पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्या होत्या. कागद पिवळे पडलेले, अक्षर शाळकरी. बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला. प्रत्येक पानावर तारीख, पायदान, गाणं, चित्रपट.

३ डिसेंबर १९५२ ला हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात क्रमवारी नव्हतीच. अर्ध्या तासात सात गाणी वाजायची, कशीही मागेपुढे, आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखून पाठवायचा. निवेदक अमीन सयानी सांगत की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि ती पाहून सगळे आनंदाने वेडे झाले. पुढे ते कोडं मागे पडलं आणि तळापासून वर चढत जाणारी पायदानं आली. नंबर देण्याची हौस श्रोत्यांना आधीपासूनच होती. कार्यक्रमाने तिला वेळ आणि वार नेमून दिला.

या साऱ्यामागे एका मराठी गृहस्थांचा हात होता, आणि तोही उलटा. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना हिंदी चित्रपटगीतं सवंग वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. गाणी तर लोकांना हवीच होती. जाहिरातदारांनी समुद्रापलीकडचं केंद्र गाठलं, बिनाका टूथपेस्टवाल्यांना श्रोते मिळाले, श्रोत्यांना पायदान. आकाशवाणीने विविध भारती सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. तोवर बुधवार सिलोनच्या नावावर लागून गेला होता.

क्रम ठरायचा कसा? मुख्यतः तबकड्यांच्या खपावर. देशभरच्या ठरावीक दुकानांकडून आकडे यायचे. पण खपाचा आकडा दिसतो तेवढा सरळ नसतो. गाणं भलतंच चाललं की दुकानातला साठा संपायचा, नवा येईपर्यंत खप शून्य, म्हणजे सर्वाधिक मागणी असलेलं गाणंच खाली घसरायचं. म्हणून रेडिओ श्रोता संघांची मतंही धरू लागले. मग गावोगाव संघ निघाले. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया हे गाव तर खाणींपेक्षा फर्माइशींच्या पत्रांमुळेच घराघरांत पोचलं. पत्रं लिहिणाऱ्याचा उत्साह मोजला जायचा की गाण्याचा गोडवा, हे कुणाला सांगता आलं असतं?

काकांची जखम १९६६ ची आहे. त्या वर्षीचं अव्वल गाणं ठरलं ‘सूरज’मधलं रफीसाहेबांचं. फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिकही शंकर-जयकिशनना ‘सूरज’साठीच मिळालं. स्पर्धेत सचिनदेव बर्मन होते, ‘गाइड’ घेऊन. काका तेव्हा पंधरा वर्षांचे. "शंकर-जयकिशनशी माझं भांडण नाही हो," ते म्हणाले. "पण ‘गाइड’?" पुढे त्यांनी नुसता हात हलवला. एकोणसाठ वर्षं झाली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले तेव्हा काकांनी वही काढून ते पान पुन्हा वाचलं होतं.

अल्बम म्हणजे काय रे भाऊ

पहिल्या दोन वकिल्या शांतपणे पार पडल्या. तिसरीला घोटाळा झाला. बाणेरच्या मुलीने ‘अमरसिंह चमकीला’ मांडला: ए. आर. रहमानचं संगीत, इर्शाद कामिलचे शब्द, इम्तियाज अलीचा चित्रपट, एप्रिल २०२४. ध्वनिमुद्रकांनी मध्येच हरकत घेतली. चित्रपटाची गाणी हा अल्बम नव्हे. गाणी प्रसंगासाठी बनतात, दिग्दर्शकाच्या हुकमाने बनतात, पडदा काढून घेतला तर उरतं काय?

"उरतं काय? अहो, आपल्या देशात एवढंच उरलंय," मुलगी म्हणाली. खोलीतला आवाज वाढला तो तिथून.

या शब्दाची गंमत मला दुकानदारांनी सांगितली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. लांबलचक काही विकायचं तर चारसहा तबकड्या पाकिटांच्या वहीत घालून विकाव्या लागत. ती वही फोटोंच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून नावही तेच. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने बारा इंची, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले आणली. एका बाजूला वीसबावीस मिनिटं मावू लागली, वही गेली, नाव मागे राहिलं. दुकानदारांचा पक्ष त्यावरूनच ठरलेला: ज्याला दुसरी बाजू नाही तो अल्बम कसला? ‘गारवा’ची कॅसेट १९९८ मध्ये साताऱ्यात दुकानाच्या टेपवर लावली की गिऱ्हाईक औषध घेऊनही हलायचं नाही, हे ते दरवर्षी सांगतात. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा तो पाऊस त्यांच्या लेखी अजून थांबलेला नाही.

आता बाजूच उरल्या नाहीत. गाणं तीस सेकंद वाजलं की स्पॉटिफाय ते ‘ऐकलं’ असं धरतं, त्यामुळे गाण्याने आधी तीस सेकंदांत पकडायला हवं. अमेरिकेतलं बिलबोर्ड मासिक २०१४ च्या अखेरीस असं मोजू लागलं होतं की अल्बममधली गाणी मिळून १,५०० वेळा वाजली म्हणजे एक अल्बम खपला. एकच गाणं दीड हजारदा वाजलं आणि बाकीची नऊ कुणी उघडलीही नाहीत, तरी अल्बम एक! मॅडमना ही पद्धत फार आवडते. "एका मुलाने पहिला धडा दीड हजारदा वाचला तर पुस्तक वाचलं म्हणावं का?" असा प्रश्न त्या परीक्षेत घालणार होत्या म्हणे. तेवढ्यात निवृत्त झाल्या.

उलट्या टोकाला ध्वनिमुद्रकांचा उमेदवार होता. सिंडी ली या नावाने पॅट्रिक फ्लेगल या कलावंताने केलेला ‘डायमंड ज्युबिली’. बत्तीस गाणी, दोन तासांहून थोडं जास्त. आला तेव्हा कुठल्याही संगीतसेवेवर नव्हता. जुन्या वळणाच्या एका साध्या पानावरून उतरवून घ्यायचा, नाहीतर यूट्यूबवर सलग एकच दोन तासांची फीत. हवं ते गाणं निवडण्याची सोयच नाही. मी तो पुढच्या आठवड्यात ऐकला. पहिला तास कंटाळलो, दुसऱ्या तासाला उठावंसं वाटेना. सलग ऐकायला लावण्याचा दुसरा उपाय आज तरी मला दिसत नाही.

चमकीलाचा निवाडा हात वर करून झाला. सहा विरुद्ध पाच मतांनी चित्रपटाला प्रवेश मिळाला. दोघी बहिणींचे हात वेगवेगळ्या बाजूंना होते.

हापूस, पायरी, केसर

खिचडीनंतर मोजणी. प्रत्येकाच्या यादीतल्या पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे दहाव्याला एक. १७७० मध्ये बोर्दा नावाच्या फ्रेंच आरमारी गणितज्ञाने विज्ञान अकादमीपुढे अशाच प्रकारची रीत मांडली होती. त्याचाच समकालीन काँडोर्से याने पुढे दाखवून दिलं की बहुमत स्वतःशीच भांडू शकतं. मॅडमनी ते आंब्यांवर समजावलं. एकाला हापूस, मग पायरी, मग केसर आवडतो. दुसऱ्याला पायरी, केसर, हापूस. तिसऱ्याला केसर, हापूस, पायरी. दोन-दोन आंबे समोर ठेवून मत घ्या. हापूस पायरीला हरवतो, पायरी केसरला हरवते आणि केसर हापूसला. प्रत्येक निकाल दोन विरुद्ध एक. आता पेटीवर पहिला नंबर कुणाचा लिहिणार?

"रत्नागिरीत हा प्रश्न पडत नाही," काका पुटपुटले.

निकाल लागला. पहिला आला आरूज आफताबचा ‘नाइट रेन’, ६६ गुण. ‘चमकीला’ दुसरा, ५४. मग मॅडमनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बघा हं, गंमत." अकरापैकी दहा याद्यांत ‘नाइट रेन’ होता. कुठे दुसरा, कुठे चौथा, कुठे सहावा. पहिला मात्र एकाही यादीत नाही. ‘चमकीला’ चार याद्यांत पहिला आणि पाच याद्यांत पत्ताच नाही.

माझ्या डोक्यात तिथे लख्ख उजेड पडला. ही मोजणी थोरवी शोधत नाही, तंटा कशावर नाही ते शोधते. कुणी ज्याच्यासाठी भांडायला तयार नाही आणि कुणी ज्याच्याविरुद्धही नाही, तो वर येतो. सोसायटीचा अध्यक्ष निवडतात तसा.

अल्बम वाईट होता असं मुळीच नाही. आरूज लाहोरमध्ये वाढली, न्यूयॉर्कमध्ये राहते. हैदराबादच्या दरबारातली अठराव्या शतकातली कवयित्री महलका बाई चंदा हिची उर्दू रचना तिने या अल्बममध्ये बांधली आहे. दख्खनच्या मातीतली गझल लाहोरच्या गळ्यातून, वीणेसारख्या वाजणाऱ्या हार्पवर ऐकताना अंगावर काटा येतो. पण अकरांपैकी एकालाही ती वर्षाची पहिली वाटली नव्हती.

याला उतारा शोधायचा प्रयत्न एका न्यूयॉर्ककर समीक्षकाने केला होता. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाचे रॉबर्ट ख्रिस्तगाऊ सत्तरच्या दशकापासून अमेरिकेतल्या समीक्षकांचा कौल घेत. त्यांची अट वेगळी होती: दहा अल्बम, एकूण शंभर गुण, कुणालाही पाचपेक्षा कमी नाहीत, तीसपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे एखाद्यावर जीव जडला असेल तर तसं दाखवायची सोय झाली. मॅडमनी त्याच कागदांच्या मागे प्रत्येकाकडून शंभर गुणही वाटून घेतले होते. बेरीज झाली: ‘चमकीला’ १३९, ‘नाइट रेन’ १०४.

माणसं तीच, त्यांचे कान तेच, दुपारही तीच. फक्त आकडेमोडीची रीत बदलली आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम बदलला.

मोठ्या दरबारातही हेच चालतं. २००८ च्या ग्रॅमीत वर्षाच्या अल्बमसाठी एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ आणि कान्ये वेस्टचा ‘ग्रॅज्युएशन’ समोरासमोर होते. जिंकला हर्बी हँकॉकचा जोनी मिचेलच्या गाण्यांवरचा जॅझ अल्बम. लोक अजून चकित होतात. एरंडवण्यात कुणी झालं नसतं.

नियमात न बसणारी भाषा

कॉलेजकुमार बराच वेळ गप्प होता. त्याचा पहिला क्रमांक होता इंग्लंडच्या चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’, पण वकिली त्याने दुसऱ्याचीच केली होती आणि ती फेटाळली गेली होती. त्याला ‘तांबडी चामडी’ मांडायचं होतं: क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ मधलं मराठी इलेक्ट्रॉनिक संगीत. जगभरच्या नाचघरांत वाजलं, मराठी न कळणारे त्यावर मराठीत ओरडले. पण ते गाणं एकच. नियम सांगतो, किमान पाच गाणी आणि पंचवीस मिनिटं.

"मराठीत या वर्षी पाच गाण्यांचं एकत्र किती जणांनी काढलं, सांगा ना," तो म्हणाला. "स्टुडिओचं भाडं कोण देणार? एकेक गाणं सोडतो आम्ही. तुमच्या नियमात माझी भाषाच बसत नाही."

मॅडम म्हणाल्या, नियम बदलता येतो, पण वर्ष सुरू होण्याआधी. दुकानदार म्हणाले, मग सगळंच घ्या, रिक्षातलं पण घ्या. गणव्याचा ‘डॉटर ऑफ अ टेंपल’ पहिला लावणाऱ्या थोरल्या बहिणीने सुचवलं की एक वेगळी ओळ ठेवू, ‘सुटं गाणं’. मुलाला ती ओळ नको होती. वेगळी ओळ म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा काका बोलले, आणि मुद्द्याला सोडून बोलतायत असं आधी वाटलं. त्यांनी जी. एन. जोशींचं नाव काढलं. नागपूरचे वकील. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ त्यांनी तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताला वाट मिळाली. ती तबकडी म्हणजे एक सुटं गाणं. वाटवे, माणिक वर्मा, सगळे तसेच आले. महाराष्ट्र पाऊण पिढी तीन-तीन मिनिटांनी गायला. पुढे हेच जोशी एचएमव्हीत अधिकारी झाले आणि १९६७ मध्ये त्यांनी तीन तरुण वादकांना स्टुडिओत बसवलं: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या रागांत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ त्याच वर्षीचा.

"एकाच माणसाने दोन्ही केलं," काका म्हणाले. "सुटंही आणि सलगही. त्यांना तुम्ही कुठल्या ओळीत टाकणार?"

मतदान झालं नाही. चहा आला, गुळाची पोळी आली. मॅडमनी तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी टिपलं आणि मला दाखवलं नाही.

साडेपाचला माणसं निघाली. दुकानदारांना स्वारगेट गाठायचं होतं. जिन्यात उद्वाहक बंद, काका एकेक पायरी उतरत होते आणि पिशवी त्या मुलाच्या खांद्यावर होती, वह्यांसकट. दुसऱ्या मजल्यावर काका दम खायला थांबले. कठड्याला टेकून म्हणाले, "लाव रे ते तुझं." मुलाने फोन काढला. जिन्यात आवाज घुमला, पहिल्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. काकांचं एक बोट कठड्यावर चालू होतं, सम मात्र त्यांना दोनदा चुकली.

"किती मिनिटांचं आहे?"

"तीनच्या आत आहे, काका."

"म्हणजे तबकडीची एक बाजू," काका म्हणाले. "दुसऱ्या बाजूला काय आहे?"